पिठाचा हात

मोठ्यांचं ऐकावं म्हणता ना, मग हे ऐका. दहावीच्या बोर्डाले महिना उरला होता अन् सराव परीक्षेत मले गणितात अकरा मार्क पडले. बाबा कौंडण्यपूरच्या देवळात नवस बोलले अन् मोकळे झाले. शिकवलं मोठ्या ताईनं. भाकरी थापता थापता ती सूत्रं विचारायची. चुकलो की पिठाचा हात गालावर. मी पांढरा गाल घेऊनच शाळेत जायचो.

बोर्डात बासष्ट पडले. बाबा नवस फेडायले निघाले.

मी म्हटलं, "बाबा, शिकवलं ताईनं. तिले कॉलेजात टाका ना."

"तिची तिवस्याले सोयरीक जमवून राहिलो ना," बाबा म्हणाले.

ताईनं माझ्या तोंडात पेढा कोंबला. "अकरावीचं गणित कोन शिकवन रे तुले?"

ताई लग्न होऊन तिवस्याले गेली अन् मले कोणीच नाही शिकवलं. मी कॉलेज सोडलं. पण ज्वारीचं पीठ दिसलं की गाल अजून पुढं होतो.