मागच्या दाराशी मांडलेलं टेबल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, बाहेरून आलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या मनुष्यबळ विभागाच्या आमच्या बाई, आणि घरची घाई असूनही थांबलेल्या शिवणखात्यातल्या ताई-दादांनो, सगळ्यांना नमस्कार. मी मशीनवर बसणारा माणूस. उभं राहून बोलायची सवय नाही. आवाज पोचला नाही तर मागच्यांनी हात वर करावा.

आधीच्या वक्त्यांनी कामगारांचे मानवी हक्क हा विषय फार चांगला मांडला. मला त्यातलं एवढंच कळतं, की माणूस सकाळी जसा आला तसा संध्याकाळी घरी जायला हवा. माझी बायको इथेच कामाला होती, ती एके दिवशी घरी परतलीच नाही. इस्त्रीच्या टेबलाजवळ वायर जळली आणि धूर झाला. आग म्हणावी अशी लागलीच नाही. पण पुढच्या दाराशी गर्दी, मागच्या दाराला कुलूप, आणि पहारेकरी किल्ली खिशात घालून चहाला गेलेला. तिला दमा होता. कंपनीने नंतर सांगितलं, दमा जुना होता. होता ना. त्या दम्यासकट ती रोज कामाला येत होती.

बाई तेव्हा नव्या होत्या. घरी आल्या तेव्हा मला वाटलं, आता कशावर तरी सही मागतील. त्या माझ्या सासूबाईंजवळ खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, काय व्हायला हवं?"

मी म्हणालो, "ते दार उघडं ठेवा." दुसरं काही सुचलंच नाही.

साहेब, तुम्हाला आठवत असेल. वरून उत्तर आलं, की दार उघडं राहिलं तर माल बाहेर जाईल. तिथे जबाबदार माणूस बसला तरच कुलूप निघेल. आणि तसा माणूस नेमायला मंजुरी नव्हती. बाईंनी वाद घातला नाही. केबिनमधलं आपलं टेबल खाली आणवलं आणि त्या दाराशी मांडलं.

आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू? बायकांनी त्यांना 'पहारेकरीणबाई' नाव ठेवलं. एकाने तोंडावर विचारलं, वरची गार हवा सोडून इथे कशाला? वर झोप येते, म्हणाल्या. चहात सुताचा धागा पडायचा, तो बोटाने काढून प्यायच्या. पण जी बाई जिना चढून केबिनमध्ये जायला कधी धजली नसती, ती पाणी प्यायला जाता जाता टेबलाशी थांबायला लागली. एकीला सुपरवायझर घाणेरडं बोलायचा. एकीला दिवस गेले म्हणून घरी बसवायची कुजबूज होती. बाई ऐकायच्या, मग वर जाऊन बोलायच्या. दरवेळी जिंकायच्या असं नाही. पुष्कळदा तशाच परत यायच्या. पण आल्यावर सांगायच्या, "नाही झालं गं. उद्या परत जाते." मनुष्यबळ विभाग कशासाठी असतो, ते मला तेव्हा समजलं.

काल ते टेबल वर गेलं. नवे अधिकारी सज्जन आहेत, त्यांची सोय काचेच्या केबिनमध्ये केली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दाराशी कोण? ज्याला विचारलं तो म्हणाला, बघू. आज सकाळी दाराला कुलूप होतं.

मी दमलोय. ती गेल्यापासून मी इथे नुसता येतो आणि जातो. भांडायची ताकद नाही, म्हणून परवानगी मागतो. माझं मशीन त्या दाराशी हलवू द्या. तिथे उजेड कमी आहे, चालेल. काम कमी पडणार नाही. आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर जबाबदार माणूस म्हणून मला धरायला हरकत नसावी.

बाई, तुमचे आभार भरल्या सभेत मानायला मला जमायचं नाही, ते राहू द्या. बाकी सर्वांनी ऐकून घेतलंत, बरं वाटलं. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. साहेब, तुम्ही हो की नाही ते सांगा. मग मी खाली बसतो.