कोर्टातला नमस्कार

आमच्या मुलीच्या घटस्फोटाचं सांगतो, पण हसू नका. अर्ज दोघांच्या संमतीचा होता, भांडण उरलं नव्हतं. तरी कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाईंनी मला बजावलं, "काका, जावयाशी गोड बोलत बसू नका. समेट होऊन राहिला असं वाटलं, तर पुन्हा समुपदेशनाले पाठवतील."

दोन विषयांत एम. ए. केलेला मी, घाबरून खांबाआड उभा राहिलो. तेवढ्यात जावई आला आणि सवयीनं पाया पडला. 'सुखाचा संसार करा' हे ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. आता याला म्हणावं तरी काय? तो वाकलेलाच. मी वकीलबाईंना विचारलं, "मॅडम, आशीर्वाद दिला तर चालतो का?"

"अहो काका, घटस्फोट त्या दोघांचा होऊन राहिला. तुम्ही काहून घेता?"

मुलगी शेजारीच होती. म्हणाली, "द्या बाबा. पुढं कामात येईल त्याले."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तीही वाकली. इतकी वर्षं जोडीला एकदाच म्हणायचो ते वाक्य त्या दिवशी मला दोनदा म्हणावं लागलं.