लागू पडला तो तिला

मंजुषा म्हणालात ना? — बास, कळलं मला, पुढचं सांगूच नका — रोज कोण ना कोण येतंच तिला विचारत. पलीकडचं दार तिचं, पण कुलूप हाय बघा, पिठाच्या गिरणीवर गेलीय, चहाच्या वेळंला येती ती. या, बसा इथं सावलीला. मी थोरली जाऊ तिची, मुक्ताबाई. अख्खी मुकुंदवाडी आक्काच म्हणती मला. दोन्ही घरांना भिंत एकच हाय, तिकडं भांडं पडलं की इकडं मी दचकते. — काय म्हणायल्यात? सांगाल हो, सांगाल, घाई काय पडलीय, आधी पाणी तर प्या. गारखेड्याहून आलात व्हय, ह्या उन्हात? माय माय. लेकीचं लगीन काढलं म्हणजे आईला ऊन दिसत नाय, खरंय. — माझ्या बाह्यांकडं बघायल्यात ना? सगळेच बघत्यात. मनगटापर्यंत बाह्या, वरून बटन, अन् दिवस वैशाखाचे. मला आवडत्यात. सवय झाली आता, त्याचं काय एवढं.

रील बघूनच आलात ना? — मान अशी कामून हलवता, हो का नाय काय कळंना — असो. ते रील बघितलं नाय असं माणूस राह्यलंय का शहरात? नऊवारी, नाकात नथ, समोर चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, अन् ही बया दोन हातांवर पुरणाची पोळी झुलवायली. ह्या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत, पोळी पसरत जाती पसरत जाती, पार ओढणीएवढी होती, अन् मग झपकन खापरावर. लाटणं नाय, पोळपाट नाय, नुसते हात. पाव्हणे जेवायचं सोडून बघत राहत्यात. पण शिकवलं कुणी तिला? ते हाय का त्या रीलमधी कुठं? म्या शिकवलं. मला माझ्या सासूनं शिकवलं, पिशोरात — आमच्या कन्नडकडं बायका करत्यातच ह्या पोळ्या, त्यात नवल नाय. ही पडेगावची. लगीन होऊन आली तवा साधी भाकर थापता येत नव्हती, तव्यावर टाकली की दोन तुकडे. तिचे हात म्या माझ्या हातात धरले अन् पोळी झेलायला शिकवली, चुकली की हसायची, हसली की पोळी फाटायची, मीबी हसायचे. अन् आज खापरापुढं कोण बसतं? ती. अन् मी कुठं असते? मंडपामागं. पुरण शिजवायला, कणीक तिंबायला. तिथं कुणाचा मोबाईल येत नाय.

चेहरा बघितला ना तिचा? चमकतो, व्हय ना? रीलखाली लोकं तेच लिहित्यात — पोळीचं राह्यलं बाजूला, 'ताई, चेहऱ्याला काय लावता' म्हणून विचारत्यात. अन् ही काय सांगती? ग्रीन टी! हिरवा चहा पिते म्हणती. आता तो चेहरा आधी बघायचा होता तुम्ही. गालावर एवढाल्या पुटकुळ्या, पिकलेल्या, कुणाच्या लग्नात फोटो काढायचा म्हणलं की पदर ओढून मागं उभी. मीच बेसन कालवून लावायचे तिला. मग तिनं मोबाईलवर कुठंतरी वाचलं, हिरव्या चहानं कातडीला आराम पडतो, आतली आग कमी होती. गेली अन् डबा घेऊन आली. स्वतःसाठी नाय हो! तेच तर सांगायलीय तुम्हाला. डबा आणला दुसऱ्याच माणसासाठी. घरातलीच एक बाई — तुमच्या ओळखीची नाय, जाऊ द्या — तिच्या कातडीला तकलीफ होती. त्या बाईला एकटीला ते कडू पाणी जाईना, तोंड वाकडं करायची, तवा मंजुषा म्हणाली, मीबी पिते तुमच्यासंगं, दोघी मिळून पिऊ. संगत म्हणून प्यायली हो ती, नुसती संगत म्हणून! अन् लागू पडला कुणाला? तिला. पुटकुळ्या गेल्या, डाग गेले, गाल असे झाले की माशी बसली तर घसरावी. अन् जिच्यासाठी डबा आणला ती हाय तिथंच हाय. आता ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. डॉक्टर म्हणाला, पुटकुळ्या येगळ्या अन् हे येगळं, चहा प्यायचा तर प्या, वाईट नाय, पण मलम सोडू नका. त्याला काय जातंय सांगायला? देवानंच तोंड बघून वाटप केलं, असं म्हणते मी.

तुम्हाला ठिवू का चहा? दुधाचा करते, आलं टाकून. हिरवा माझ्याकडं नसतो, तो ती करून आणती — रोज, न चुकता, दोन कप घेऊन ह्या उंबऱ्यावर येऊन बसती. एक तिचा, एक त्या बाईचा. — हा कडीपत्ता व्हय? छान हाय ना? कुंडीतला असून छातीला लागायलाय. सगळ्या गल्लीला फोडणीला पुरतो. खत काय घालता म्हणून विचारत्यात बायका. खत कशाचं घालायचं, रोज तो कप तर जातो त्याच्या — म्हणजे उरलेला हो. थंड झालेला. टाकायचा कुठं? तशी आधी प्यायली ती बाई, नाक दाबून प्यायली, इमानानं. पण ह्या मंजुषाचं तोंड उजळायला लागलं अन् त्या बाईच्या घशाखाली घोट उतरंना. समोर ती बसलेली, ते गाल घेऊन, अन् वरून विचारती, 'आक्का, फरक वाटायलाय का?' फरक! कप असा भिरकावून द्यावा वाटायचा. तसं करता येत नाय. ती उठून गेली की कुंडीत.

ऐका, खरं सांगू का — लेकीच्या लग्नाचं काम हाय, म्हणून सांगते, एरवी घरचं मी बाहेर बोलत नाय. ही पोळी हातावर करत्यात. पार कोपरापर्यंत कातडीला लागती. मग सुपारी द्यायच्या आधी माणसानं हात बघून घ्यावेत का नाय? तुम्ही मंजुषाचे हात जवळून बघितलेत? रीलमधी काय, रीलमधी काय बी चांगलं दिसतं. तिच्या कोपराला — जाऊ द्या बाई, मी कशाला बोलू — पण तिच्या कोपराला चट्टे हैत. सोरायसिस म्हणत्यात त्याला. लाल लाल, वरून पांढरा कोंडा. दिसत नाय कामून? अहो, पावडर फासती. रात्री अशी खाज सुटती की डोळ्याला डोळा लागत नाय. सकाळी चादरीवर पांढरं पांढरं पडलेलं असतं, नवऱ्याला जाग यायच्या आत उठून झटकावी लागती. काळं पोलकं घालायचं कवाच सोडलं. चुलीची झळ लागली की नुसती आग आग, पण उठायचं कसं, लोकं ताटं घेऊन उभी. अन् एकदा तर — लॉनवर लगीन होतं, लई मोठं — नवरदेवाची मावशी ताट घेऊन समोर आली. पोळी हातावर झुलायली अन् त्या बाईची नजर गेली कोपरावर. तिनं ताट तेवढं मागं घेतलं. तिचं बघून मागचीनं घेतलं. सगळी रांग हो, सगळी रांग बाजूला झाली, जिलेबीकडं गेली. अन् पोळी हातावर तशीच. खापरावर टाकून करायचं काय, खाणार कोण? तशीच बसून राहिले — राहिली ती — पोळी हातावर घेऊन, ती पार वाळेपर्यंत. रडू पण येईना, हात कुठं मोकळे होते पुसायला. — एवढं मला कसं ठाऊक म्हणता? सांगितलं ना, भिंत एकच हाय.

अहो, उठलात कामून? चहा टाकते म्हणाले ना. — पोळ्याच नको म्हणता? बरं. तुमची मर्जी. लेकीच्या लग्नात असलं कुणाला चालंल, मी तुमच्या जागी असते तर मीबी हेच केलं असतं. मग तिला सांगू ना, गारखेड्याच्या बाई येऊन गेल्या, नको म्हणाल्या? — काय? मघापासनं काय सांगायचं होतं? मग सांगा की, म्या काय तोंड धरलं होतं तुमचं? — काय म्हणालात? — परत म्हणा बरं.

तिनं पाठवलं? तुम्हाला? — माझ्याकडं? — 'खापरापुढं आक्का बसल्या तर मी येते, नायतर तुम्ही दुसरीकडं बघा' — असं म्हणाली? मंजुषा म्हणाली? फोनवर? — 'कणीक मी तिंबीन, पोळी आक्काच्याच हातची, आधी त्यांना विचारून या, मी विचारलं की त्या नाय म्हणत्यात' — हे सगळं तिनं सांगितलं, अन् तुम्ही दारात 'मंजुषा' म्हणालात अन् म्या पुढचं ऐकलंच नाय. मग मागची लग्नाची कामंबी तिनं ह्याच पायी सोडली असणार. मला म्हणाली तारखा जमंनात. — बघा! बघा कशी हाय ती! गाल तिला, खापर तिला, रील तिला, अन् आता चांगुलपणाबी तिलाच. तेवढा तरी माझ्याकडं राहू द्यायचा होता. रोज तिचा कप कुंडीत ओतते मी, मनातल्या मनात नको नको ते बोलते, अन् ही माझ्यापायी हातातलं काम सोडायली! माणसानं राग तरी धरावा कुणावर?

थांबा. चपला घालू नका. जायचं तर जावा खुशाल, पण हे असं घेऊन जाऊ नका. तुम्ही गारखेड्यात एकीला सांगणार, ती दुसरीला, अन् तिला कुणी मंडपात उभं करणार नाय. म्या बोलले ते — थांबा ना, हे बटन लई घट्ट हाय — हं. हा बघा एक हात. अन् हा दुसरा. कोपर बघा, ह्या बाजूनं बघा, नीट बघा, कुणाला दाखवत नाय मी हे. सांगितलं ते सगळं हे हाय. ती चादर माझी, ते काळं पोलकं माझं, ती पोळी माझ्या हातावर वाळली. मंजुषाच्या हातावर तिळाएवढा डाग नाय. साफ हात हैत तिचे, तिंबलेल्या कणकेसारखे. जळते मी त्या हातांवर, व्हय, जळते, आत्ताबी जळायलीय. अन् हे कुणाला लागत नाय, डॉक्टरनं दहादा सांगितलंय, शिवलं तरी लागत नाय, पोळीतनं तर बिलकुल नाय — पण कोण मानतंय? तुम्हीबी नका मानू. तिला घ्या. तिला म्हणा, आक्कानं नाय म्हणून सांगितलं, अन् तिलाच घ्या. — बोला की. मघापासनं बोलायचं होतं ना तुम्हाला?

— ऐकलंत? कपबशी वाजली. भिंतीपलीकडं. — कुलूप तर तसंच हाय. मागच्या दारानं आली असंल, गिरणीकडनं तोच रस्ता जवळ पडतो. — कवा आली असंल हो? आपण काय बोलत होतो तवा?

ये गं, मंजे. ह्या गारखेड्याच्या ताई. — व्हय, विचारलं त्यांनी मला. — काय? बाह्या? उकडायलंय म्हणून वर केल्या. — ताई, तुम्ही निघा आता. ती सांगंल तुम्हाला काय ते, निघा. — अगं, तिथं कुंडीपाशी नको ठिवू तो कप. इकडं आण. हातात दे माझ्या.