लांब कशापासून

कचेरीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. दरडीखाली गेलेली वस्ती जुन्याच जागी पुन्हा बांधायचा आराखडा गावाने केला होता आणि राज्य सरकारने तो तपासून नामंजूर केला होता, दुसरीकडे नवी जागा देऊ केली होती. आज हरकती ऐकून घेणार होते.

"आत गेल्यावर काय सांगणार आहात?" म्हातारीने नवऱ्याला विचारलं.

"पाण्याचं सांगतो. जुन्या जागी विहीर होती."

"नव्या जागी घरोघरी नळ देणार आहेत."

"मग माती चांगली होती म्हणतो."

"तीच माती अंगावर आली ना, अहो."

"मग तूच बोल. मला कशाला पुढे करतेस?"

"तुम्हीच म्हणालात, तू आत जाऊन रडत बसशील."

"बसशीलच."

"खरं काय ते सांगून टाका."

"ते माझ्या तोंडातून निघत नाही."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. दार उघडंच राहिलं होतं.

"बसा, आजोबा. डोंगर अजून सरकतोय, तिथे पुन्हा घरं बांधता येणार नाहीत. नवी जागा सुरक्षित आहे. तुमची हरकत काय?"

"ती जागा लांब पडते, साहेब."

"दवाखाना जवळ, बाजार जवळ. लांब कशापासून?"

"सांगा ना, अहो."

"तू गप्प बस जरा."

"मुलापासून लांब पडते, साहेब."

"असं होय. मुलगा कुठे असतो, आजी?"

"तुम्ही शोध थांबवलात ना, तिथेच."