बाबांच्या आवाजाला बिबट्या

हे कुणाला सांगायचं नाही, असं ताईने बजावलंय. पण ऐका.

तरुण मुलांनी जंगल बघायला यावं म्हणून तिने वनखात्यासाठी आमच्या आमलीच्या नाक्यावर मोठा स्क्रीन लावला होता. माइकमध्ये प्राण्याचा आवाज काढला, की तो प्राणी स्क्रीनवर यायचा. वनखात्याचे साहेब पाहायला आले, तरी कॉलेजची मुलं लाजून लांबच. ताई रडकुंडीला आली.

तेवढ्यात माइकजवळ उभे असलेले बाबा फॅक्टरीच्या फोनवर कडाडले, "मशीन बंद किसने किया?"

स्क्रीनवर बिबट्या!

"काका, वन्स मोअर!" म्हणत मुलं धावली.

रविवारी तीच मुलं आमच्यासोबत बस भरून जंगलात आली. बाबा मात्र खरा बिबट्या येईल म्हणून गप्प. फॅक्टरीचा फोन वाजला, तेव्हा मला देऊन कुजबुजले, "तूच ओरड."

माझा वर्गात हजेरीलाही आवाज फुटत नाही, पण मी फोन कानाला लावला आणि अशी ओरडले की... थांबा, आई हाक मारतेय. आले गं, आई!