वीतभर खाली

मिस्त्री : दांड्यासाठी इथे खूण करू? हात न ताणता पोचतोय का बघा.

सिस्टर : जरा खाली घ्या. उठताना जोर लावायचाय मला, टॉवेल वाळत नाही घालायचा त्याच्यावर.

मिस्त्री : बरं. मग इथे. आणि तुम्ही त्या स्टुलावर बसा हो सिस्टर. वॉकर धरून किती वेळ उभ्या राहणार?

सिस्टर : बसते. पण आल्यापासून तुम्ही बाथरूमच्या या भिंतीशीच बोलताय, माझ्याकडे एकदा तरी बघा.

मिस्त्री : भोक भिंतीला पाडायचंय. तिच्याकडेच बघावं लागणार.

सिस्टर : मिस्त्री, आठ महिने झाले. दवाखान्यात मी अडीच महिने पडून होते, तेव्हा तुम्ही वॉर्डच्या दारापर्यंत यायचात आणि परत फिरायचात. कळायचं मला. त्या बुटांचा आवाज साऱ्या दवाखान्यात फक्त तुमचाच.

मिस्त्री : आत यायचा धीर नव्हता. तुमचं खुब्याचं हाड माझ्यामुळे मोडलं.

सिस्टर : लिफ्टमुळे.

मिस्त्री : दवाखान्याची लिफ्ट माझ्या ताब्यात होती. मजल्याला लागली नाही, वीतभर खाली थांबली. तुम्ही रिकामी व्हीलचेअर ओढत पाठमोऱ्या आत शिरलात आणि...

सिस्टर : आणि पाऊल टाकलं तर खाली काहीच नाही. मिस्त्री, तो प्रसंग मला ठाऊक आहे, मी तिथेच होते. निवृत्त व्हायला सतरा दिवस राहिले होते. आमच्या वॉर्डातल्या नर्सपोरींनी हारतुऱ्यांची तयारी केली होती, ती सगळी माझ्या ऑपरेशनवर खर्ची पडली.

मिस्त्री : तुम्ही थट्टा करता. मला नाही जमत.

सिस्टर : तुम्ही आधी भोक पाडा. हातात काम असलं की बोलता येतं.

मिस्त्री : थांबा, आवाज होईल.

(ड्रिलचा आवाज. मग भिंतीवरची भुकटी पुसल्याचा.)

मिस्त्री : सिस्टर, तुम्ही माझ्या कंपनीला पत्र लिहिलंत. याला कामावरून काढू नका म्हणून. साहेबांनी बोलावून सांगितलं, "ज्या बाईला तू पाडलंस तीच तुझी बाजू घेते." का लिहिलंत?

सिस्टर : का म्हणजे? मला वाटलं म्हणून.

मिस्त्री : असं नाही चालणार. मला तुमची दया नको. तुम्हाला पुरतं माहीत नाही. माहीत असतं तर तुम्ही पत्र लिहिलं नसतं, आणि हा दांडा लावायलाही मला बोलावलं नसतं.

सिस्टर : मग सांगा की. ऐकायला बसलेच आहे.

मिस्त्री : सगळे समजतात, माझ्याकडून तपासणीत चूक झाली. चूक नाही झाली. तपासणीच झाली नाही. वर मशीनच्या खोलीत गेलोच नाही मी. तपासणीच्या कागदावर खाली बसूनच सही ठोकली. एका लिफ्टची नव्हे, अकरा लिफ्टच्या सह्या एका बैठकीत केल्या. मुलगी तापाने फणफणली होती, घाई होती, असं तुम्हाला सांगणार होतो. येताना वाटेत पाठ करून आलो. पण ते खोटं आहे. मुलगी ठणठणीत होती. मला जिने चढायचा कंटाळा आला होता. एवढंच.

सिस्टर : कँटीनमध्ये.

मिस्त्री : काय?

सिस्टर : सही कँटीनमध्ये केलीत. खिडकीजवळच्या टेबलाशी. कागदावर चहा सांडला आणि तुम्ही तो बाहीने पुसलात. मी शेजारच्या टेबलावर होते. तुम्हाला बसायला खुर्ची कमी होती, ती मीच सरकवली.

मिस्त्री : तुम्हाला... माहीत होतं?

सिस्टर : त्या दिवशी काय कळणार? मला वाटलं, माणूस आपलं काहीतरी लिहितोय. चार दिवसांनी आडवी झाले, छताकडे बघायला वेळच वेळ, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

मिस्त्री : आणि तरी पत्र लिहिलंत!

सिस्टर : अहो, लगेच नाही. पहिले दोन महिने मी तुमचा उद्धार करत होते. रोज. ड्रेसिंगच्या वेळी तर विशेष. आमच्या नर्सपोरी म्हणायच्या, सिस्टर तोंडात बोळा घाला, शेजारचे पेशंट ऐकतात. आणि पत्रात मी काही लपवलेलं नाही. कँटीनचं स्पष्ट लिहिलं होतं. लिहिलं, की याने न बघता सही केली, मी पाहिलंय. माझ्यापुरतं मी त्याला माफ केलंय. पण त्याच्या हातातल्या एकूण एक लिफ्ट त्याच्याकडूनच परत तपासून घ्या, सोबत दुसरा माणूस द्या, आणि मग त्याला कामावर ठेवा.

मिस्त्री : म्हणून! म्हणून साहेबांनी मला जोडीदार देऊन सगळ्या लिफ्ट फिरवल्या. मला वाटलं, नेहमीचं असेल. काल मी त्यांच्यासमोर सगळं ओकलो, तर ते नुसते म्हणाले, "बरं झालं, तुझ्या तोंडून आलं."

सिस्टर : काही सापडलं का?

मिस्त्री : दोन ठिकाणी ब्रेक झिजून कागदासारखा झालेला. त्यातली एक लिफ्ट वृद्धाश्रमातली. आठवडाभर आणखी चालली असती तर... मी तिथेच पायरीवर बसलो सिस्टर. जोडीदार विचारतोय, चक्कर आली का? आतून एक आजोबा आले, मला पाणी दिलं. मला!

सिस्टर : देवाची कृपा. खरंच देवाची कृपा. कुणाला काही झालं नाही ना?

मिस्त्री : नाही. दोन्ही बंद करून ब्रेक बदलले. वर्षभर मला एकट्याला सही करता येणार नाही, असं साहेबांनी ठरवलंय. बरोबरच आहे. पण मला एक सांगा. शिक्षा समजते मला. हे तुमचं माफ करणं डोक्यात बसत नाही. तुमच्या धर्मात आहे म्हणून करता का? सवयीने?

सिस्टर : सवय कसली! माफ करायची सवय लागते होय? प्रत्येक वेळी नव्याने जिवावर येतं.

मिस्त्री : मग समजवा. तुमच्या चर्चमध्ये म्हणतात ना, येशू मेला आणि आपली पापं धुतली गेली. चूक मी केली, दोन हजार वर्षांपूर्वी कुणी दुसरा मेला, आणि माझं धुतलं कसं गेलं? आपलं डोकं यंत्राचं आहे. कुठला दात कुठल्या चाकात बसतो ते दिसलं पाहिजे.

सिस्टर : हे माझ्या भावाला विचारायला हवं. तो चर्चमध्ये उपदेश करतो. पण नकोच. देव एक असून तीन कसा, हे सांगताना तो पाणी, बर्फ आणि वाफ आणतो.

मिस्त्री : पण एकच पाणी एकाच वेळी तिन्ही कसं असेल?

सिस्टर : तीस वर्षं मी तेच म्हणतेय त्याला! दर वेळी रागावतो. बरं, मी वॉर्डातलं सांगते. साप चावलेला माणूस आला की आम्ही काय टोचायचो?

मिस्त्री : विषावरचं औषध.

सिस्टर : ते कुठून येतं? घोड्याच्या रक्तातून. घोड्याच्या अंगात थोडं थोडं विष सोडतात. तो ते सोसतो, त्याचं रक्त विषाशी झुंजायला शिकतं. मग ते रक्त काढून त्यातून औषध करतात. चावलेल्या माणसाने काहीच केलेलं नसतं. निळा पडून आडवा असतो नुसता. विष दुसऱ्याने आधीच अंगावर घेतलेलं असतं, म्हणून हा वाचतो. माझ्या बुद्धीला क्रूस एवढाच कळतो.

मिस्त्री : पण घोड्याला कुणी विचारलं?

सिस्टर : शाबास! कुणीच नाही विचारलं. तिथेच माझा दाखला लंगडा पडतो. घोड्याला बांधून उभं करतात. हा आपल्या पायांनी आला.

मिस्त्री : हं.

सिस्टर : बसतोय का दात?

मिस्त्री : अर्धा. औषध असलं तरी ते लागू पडेल, हे मानायचं कसं? माझा विश्वास तेवढा घट्ट नाही. खरं तर नाहीच.

सिस्टर : तुमच्या लिफ्टमध्ये माणसं चढतात, ती आधी दोर तपासतात का?

मिस्त्री : छे. कुणाला दिसतो तो दोर? काही जण बेधडक चढतात. काही कठडा आवळून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत.

सिस्टर : मग घाबरणारा मागे राहतो?

मिस्त्री : मागे कसा राहील? दोर मजबूत असला की दोघं एकदमच पोचतात. वजन दोरावर आहे, माणसाच्या छातीवर थोडंच... अच्छा.

सिस्टर : काय अच्छा?

मिस्त्री : काही नाही. म्हणजे फक्त चढायचं.

सिस्टर : हे बघा, हे मला सुचलं नसतं. भावाला सांगते, वाफ सोड म्हणावं.

मिस्त्री : पण सिस्टर, तुम्ही मला अजून खरं उत्तर दिलं नाहीत. घोडा झाला, दोर झाला. तुमच्या मनातलं माझ्याबद्दलचं विष कुठे गेलं?

सिस्टर : सांगते. आजवर भावाशिवाय कुणाला सांगितलं नाही. मी तेवीस वर्षांची होते. एका लहान मुलीला दुसऱ्याच पेशंटचं इंजेक्शन टोचलं. कागद नीट वाचला नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिचा श्वास अडकला. डॉक्टर धावले, रात्रीपर्यंत तिची आई दाराशी उभी होती. मुलगी वाचली. मी तिच्या आईसमोर गेले आणि सांगितलं, हे माझ्या हातून झालंय. वाटलं, आता मारेल. ती माझ्याकडे बघून रडली. मग मेट्रनबाईंना म्हणाली, "उद्याचं इंजेक्शन हिच्याच हातून द्या."

मिस्त्री : हिच्याच हातून?

सिस्टर : हो. मी म्हटलं, माझे हात थरथरतायत, मी नाही. ती म्हणाली, "आज तू सोडून गेलीस तर पुन्हा कधी सुई धरणार नाहीस. माझ्या लेकीला धरते मी, तू टोच." मिस्त्री, नुसतं "जा, माफ केलं" म्हणणं सोपं असतं. तिने आपलं पोर परत माझ्या हातात दिलं. ती बाई चर्चला जायची. तिच्या मागून मी गेले, एवढीच माझ्या विश्वासाची गोष्ट. पुढे सदतीस वर्षं मी प्रत्येक कागद दोनदा वाचला. भीतीने नाही. तिने ठेवलेल्या भरवशाची लाज होती.

मिस्त्री : आणि ते तुम्हाला दवाखान्यात आठवलं.

सिस्टर : दोन महिने तुम्हाला शिव्या घातल्यावर आठवलं. वेळेवर कुठे काय आठवतं मला! एके सकाळी चेहरा पुसायला नवी नर्स आली, तिचे हात असेच थरथरत होते. आणि ती बाई जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली. मी उशीत तोंड खुपसून रडले. मग कागद मागितला.

मिस्त्री : म्हणून हा दांडा...

सिस्टर : म्हणून हा दांडा तुमच्याच हातून हवा होता. रोज सकाळी उठताना मी माझा सगळा भार त्याच्यावर टाकणार आहे. दुसऱ्या कुणालाही बोलावता आलं असतं. ए, काय झालं? अरे, रडतोस काय असा, ते स्क्रू गोळा कर आधी, सगळे मोरीत चाललेत!

मिस्त्री : धरतो. धरतो. तुम्ही मला "अरे" म्हणालात.

सिस्टर : निघून गेलं तोंडातून.

मिस्त्री : असू द्या. माझी मोठी बहीण म्हणायची. ती गेल्यापासून कुणी म्हणालं नव्हतं.

सिस्टर : मग नीट आवळ आता. चारही.

मिस्त्री : आवळले. थांबा, आधी मी लटकून बघतो. माझं वजन तुमच्या दीडपट आहे. हं... नाही हलत. परत बघतो. नाही हलत. या आता. हळू.

सिस्टर : हात नको देऊस. माझी मी उठते. ...उठले! बघ, उठले की रे! आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणाचा खांदा न धरता.

मिस्त्री : सिस्टर, मी तुमच्या चर्चमध्ये येईनच असं नाही हं. आधीच सांगतो.

सिस्टर : मी बोलावलंय कुठे?

मिस्त्री : पण आत काहीतरी दाटून आलंय. ते कुणाला तरी सांगायला हवं. तुमचे आभार मानून भागत नाही, ते तुमच्यापलीकडे जातंय. प्रार्थना कशी करतात?

सिस्टर : जशी आत्ता माझ्याशी बोललास तशी. पाठ केलेलं सोडून दे.

मिस्त्री : इथे? बाथरूममध्ये?

सिस्टर : दुसरीकडे कुठे जाणार? मला एवढ्यात चालवत नाही.

मिस्त्री : बरं. डोळे मिटू? ...देवा, तू मला ओळखत नाहीस...

सिस्टर : ओळखतो.

मिस्त्री : मध्ये बोलू नका ना सिस्टर, चुकतं माझं. देवा, मी लिफ्टचं काम करतो. त्या आश्रमातली म्हातारी माणसं वाचली. ह्या आज आपल्या आपण उठल्या. माझं काम माझ्या हातात परत आलं. यातलं काहीच मी केलेलं नाही. उपकार झाले. ...पुढे काय म्हणू?

सिस्टर : पुढे काही नाही रे. थोडा वेळ असाच उभा राहा.