नुसती थांबणारी ओळ

...तळलेला तोर्ता नको, सेन्योर एलादिओ, हात तेलकट होतात. मातेचा कडू चहा भरा फक्त. आणि आभार मानणार नाही, मानले की तुम्ही पुढचा पेला द्यायचे नाही. मी स्तुती करायला आलेले नाही. धरणाच्या दारांचा प्रोग्राम लिहिलात, निवृत्त होऊन धरणाखाली नदीकाठी येऊन बसलात — आणि तुमच्या जागेवर येणाऱ्या माझ्यासारखीला कळेल अशी एक टीप ठेवली नाहीत त्यात. हसा, हसा. तरी कळला मला. कसा? वाचून नाही. असला जुना कोड वाचून कुणाला कळतो? आधी अंदाज बांधायचा, मग एक ओळ बंद करायची आणि चाचणीच्या मशीनवर बघायचं, काय मोडतंय. मोडलं की कळलं, ती कशासाठी होती. पातळीच्या, भोंग्याच्या, दारांच्या — सगळ्या ओळी अशाच उलगडल्या. एकच अडली. भोंगा वाजतो आणि मग — काही नाही. प्रोग्राम नुसता थांबतो. काही मोजत नाही, काही तपासत नाही. मग कधीतरी दारं उघडतात. ती ओळ काढली, तर काहीच मोडलं नाही. मग होती कशाला? जुनी दारं जड असतील, दुसरं काय. आणि इथं दारं उशिरा उघडतात म्हणून गेल्या पुरात धरणाच्या वरच्या वस्तीत पाणी शिरलं, लोक पत्र्यांवर बसलेले मी बघितलेत. तेव्हा कुणालाच घाई नव्हती. मला आहे. आज सकाळीच चढवला नवा प्रोग्राम. आता भोंगा आणि दारं एकदमच.

असं काय बघताय? वर पाऊस आहे म्हणून? तीच तर परीक्षा, आज बघा कशी झटपट —

तुमच्या सेन्योरा नेलिदा कुठायत पण? आल्यापासून दिसल्या नाहीत. कुठं, त्या वाळूच्या बेटावर? हो, लाल टोपी त्यांचीच. जाळी काढतायत. बाकीचे मासेमारही आहेत की. एवढं आभाळ भरलंय आणि सगळे कसे निवांत, घाई नको का करायला — हो, माहितेय, भोंगा झाला की निघतात. नेहमीचंच आहे. भोंगा झाला की जाळी गुंडाळायची, आणि उथळ पाण्यातून चालत... चालत काठाला यायला जेवढा वेळ...

पेला धरा. धरा ना. फोन कुठंय माझा — कंट्रोल रूम — उचला कुणीतरी. उचला. सेन्योर, तुम्ही हाका मारा त्यांना, उठा, मारा हाका — थांबा, गप्प. ऐका.

भोंगा.